रक्तांतला चुना

नेवासें हें नांव उच्चारतांच मराठी माणसास प्रथम ज्ञानेश्वरांची आठवण होते. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, प्रवरेच्या तीरीं ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, हें शाळेंतील मुलेंही जाणतात. परंतु त्याच तीरावर ज्ञानेश्वरांच्या सुमारें अडीच हजार वर्षें आधींही माणसें घरें बांधून राहात होतीं. १९५४ ते १९५६ या अवधींत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां त्या प्राचीन घरांच्या जमिनीखालीं मातीचे मोठे कुंभ निघाले. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि त्यांच्या पोटांत लहान मुलांचीं हाडें. त्याच नदीच्या कांठीं दायमाबाद येथेंही अशींच दफनें सांपडलीं. संगमनेर तालुक्यांतील एका गांवावरून पुरातत्त्वज्ञांनीं या संस्कृतीस जोर्वे संस्कृति असें नांव दिलें. २०२४ पर्यंत ज्यास आपण अहमदनगर म्हणत होतों, त्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कृषीवलांच्या इतिहासाचीं हीं अगदीं आरंभींचीं पानें होत.

तीन सहस्र वर्षें मातींत राहून त्या बालकांचें जें उरलें तें काय होतें? हाडें व दांत. आणि हाडें व दांत यांचा टिकाऊ भाग म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांचें लवण. पानाला लावावयाचा चुना, प्रवरेच्या खोऱ्यांतील काळ्या मातींत ठिकठिकाणीं दिसणारी पांढरी चुनखडी आणि आपल्या पाठीचा कणा हीं सारीं या एकाच धातूचीं रूपें आहेत. प्रौढ माणसाच्या देहांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें, आणि त्यापैकीं शंभरांत नव्याण्णव भाग हाडादांतांत असतें. पुराणवस्तुसंशोधकाच्या हातीं येतो तो हा नव्याण्णव भागांचा ठेवा.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय हा उरलेला एक भाग आहे. तो रक्तांत, स्नायूंत, मज्जातंतूंत विखुरलेला असतो, देह पडतांच त्याचें कार्य संपतें, आणि कोणत्याही उत्खननांत तो हातीं लागत नाहीं. तथापि माणूस जगतो तो क्षणोक्षणीं याच भागाच्या हालचालीवर. हें ज्ञान मनुष्यास कसें झालें, त्यास शंभराहून अधिक वर्षें कां लागलीं, आणि त्यामुळें आपल्या घरांतील दुखण्याखुपण्यांवर कोणता प्रकाश पडला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचा आरंभ पिण्याच्या पाण्यापासून होतो. नगर शहरास निजामशाहीच्या काळीं कापूरवाडी व इतर ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी आणलें जात असे, हें नगरकरांस सांगावयास नको. त्याच सुमारास, १६१३ सालीं, लंडन शहरासाठींही हर्टफर्ड परगण्यांतील झऱ्यांपासून एक कालवा खोदून आणण्यांत आला. त्यास न्यू रिव्हर असें नांव पडलें. ते झरे खडूच्या खडकांतून फुटलेले असल्यामुळें त्या पाण्यांत चुना विरघळलेला असे. आपल्याकडील अनेक विहिरींचें पाणी असेंच जड असतें. तें तापवितांना पातेल्याच्या बुडाशीं पांढरा थर धरतो, आणि गृहिणी तो चिंचेनें किंवा लिंबानें घांसून काढते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयांतील वैद्य सिडने रिंगर हे १८८० नंतरच्या वर्षांत बेडकाचें हृदय देहाबाहेर काढून तें कोणत्या द्रवांत धडधडत राहतें, याचा अभ्यास करीत होते. १८८२ च्या निबंधांत त्यांनीं मिठाच्या पाण्याविषयींचे आपले निष्कर्ष मांडले. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, द्रव तयार करतांना ऊर्ध्वपातित पाण्याऐवजीं न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचें पाणी वापरलें गेलें आहे. ऊर्ध्वपातित पाणी घेऊन प्रयोग पुन्हां केला, तों तेंच हृदय थोड्याच वेळांत दुबळें होऊन थांबलें. त्यांत किंचित् कॅल्शियमचें लवण घालतांच ठोके पुन्हां सुरू झाले. १८८३ च्या निबंधांत रिंगर यांनीं आपला आधींचा निष्कर्ष मोकळ्या मनानें दुरुस्त केला. नळाच्या पाण्यांतील ज्या चुन्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नसतें, तो हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास आवश्यक आहे, ही गोष्ट अशा रीतीनें प्रथम सिद्ध झाली. आज रुग्णालयांत ‘रिंगर लॅक्टेट’ नांवाची जी बाटली शिरेंतून देतात, तिच्यांत या वैद्याचें नांव राहिलें आहे.

यानंतर सातच वर्षांनीं हा चुना रक्ताच्या संबंधांत पुढें आला. १८९० सालीं फ्रान्समध्यें मोरीस आर्थस व कालिस्त पाजेस यांनीं असें दाखविलें कीं, ताज्या रक्तांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटनें काढून घेतलें तर रक्त गोठत नाहीं. तेंच कॅल्शियम परत घातलें कीं पाहतां पाहतां त्याची गांठ बनते. १९०५ मध्यें जर्मनींतील पॉल मोराविट्झ यांनीं रक्त गोठण्याची जी उपपत्ति मांडली, तींतही कॅल्शियमला मानाचें स्थान मिळालें. रक्त कां गोठतें, एवढेंच यामुळें समजलें असें नाहीं. रक्त गोठूं नये यासाठीं काय करावें, याचीही किल्ली हातीं आली.

त्या काळीं एकाचें रक्त दुसऱ्यास देणें म्हणजे दात्याची धमनी रुग्णाच्या शिरेला प्रत्यक्ष जोडणें होय. दोघांनाही शेजारीं शेजारीं निजवावें लागे आणि शल्यवैद्याच्या कौशल्यावर सारें अवलंबून असे. ऑक्झॅलेट हें विष असल्यानें तें रक्तांत मिसळून माणसास देतां येत नव्हतें. परंतु लिंबाच्या आम्लाचें लवण, ज्यास सायट्रेट म्हणतात, तेंही कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतें, आणि योग्य प्रमाणांत दिल्यास शरीर तें सहज पचवितें. मार्च १९१४ मध्यें ब्रुसेल्स येथें आल्बेर हुस्तिन यांनीं व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्वेनोस आयरेस येथें लुइस आगोते यांनीं सायट्रेट मिसळलेलें रक्त माणसास दिलें. १९१५ मध्यें न्यूयॉर्कचे रिचर्ड लेविसोन यांनीं त्याचें निर्धोक प्रमाण ठरविलें. पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावर १९१७ सालीं ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनीं असें रक्त बाटल्यांत भरून, थंड ठेवून, जखमींसाठीं आधींच तयार ठेवण्याची सोय केली. रक्तपेढीचें मूळ तेथें आहे.

आज नगर शहरांत असो, श्रीरामपुरांत असो वा संगमनेरांत असो, रक्तदात्याच्या दंडांतून पिशवींत उतरणारें रक्त तेथें आधींच असलेल्या सायट्रेटमध्यें मिसळतें. साडेतीनशें मिलिलिटर रक्ताच्या पिशवींत असा सुमारें ४९ मिलिलिटर द्रव असतो. त्यांत पेशींच्या पोषणासाठीं साखरही असते, आणि प्रचलित मिश्रणांपैकीं एकांत रक्त थंड जागीं ३५ दिवसांपर्यंत टिकतें. हें सारें साधतें तें रक्तांतील चुना बांधून ठेवल्यामुळें. एखाद्या रुग्णास थोड्या वेळांत पुष्कळ रक्त द्यावें लागलें, तर त्या पिशव्यांतील सायट्रेट त्याच्या स्वतःच्या रक्तांतील कॅल्शियमलाही धरूं लागतें. त्याच्या ओठांभोंवतीं मुंग्या येतात, आणि डॉक्टर त्यास शिरेंतून कॅल्शियम देतात.

श्रोतेहो, येथवर आपण रक्तद्रवाविषयीं बोललों, म्हणजे ज्या पाण्यांत रक्तपेशी तरंगतात त्याविषयीं. आतां पेशींच्या आंत डोकावूं. रक्तद्रवांत मोकळें कॅल्शियम जितकें असतें, त्याच्या सुमारें दहा हजारावा हिस्साच पेशीच्या आंतल्या रसांत असतो. भिंत तर इतकी पातळ कीं साध्या सूक्ष्मदर्शकानें तिची जाडी दिसत नाहीं. बाहेर पूर आणि आंत जवळजवळ कोरडें, अशी ही अवस्था पेशी जन्मभर कशी राखते, आणि कशासाठीं?

कशासाठीं, याचें एक उत्तर नेवाशाच्या कुंभांतच आहे. पेशीचा सगळा शक्तीचा व्यवहार फॉस्फेटच्या नाण्यांत चालतो. कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर प्रमाणांत एकत्र आले कीं त्यांचा घट्ट सांका बनतो. हाड तयार होतें तें याच द्रव्यांपासून. पेशीनें कॅल्शियमला आंत मोकाट शिरूं दिलें असतें, तर तिचा व्यवहार दगडासारखा थिजला असता. म्हणून प्राणिसृष्टीच्या आरंभापासूनच पेशींनीं त्यास दाराबाहेर ठेवलें असावें, असें अनेक शास्त्रज्ञ मानतात. आणि एकदां असें बाहेर ठेवल्यावर एक नवीच सोय झाली. भरल्या बाजारांत कोणाची हांक ऐकूं येत नाहीं. निवांत वाड्यांत मात्र दाराची कडी वाजली तरी सारें घर जागें होतें. पेशीच्या आंत कॅल्शियम इतकें थोडें असल्यामुळेंच, त्याचे थोडेसे कण आंत आले तरी तो सर्व पेशीस ऐकूं जाणारा निरोप ठरतो.

हें कळण्यास मानवी रक्ताचाच उपयोग झाला. आपली तांबडी रक्तपेशी ही सर्व पेशींत साधी. तिच्यांत केंद्रक नाहीं, कॅल्शियम सांठविण्याची कोठी नाहीं. म्हणून तिच्या भिंतींतून काय आलें नि काय गेलें याचा हिशेब इतर पेशींपेक्षां सोपा. १९५८ सालीं बुडापेस्टच्या ड्यर्ज गार्दोश यांनीं दाखविलें कीं, या पेशीच्या आंत कॅल्शियम शिरलें कीं तिच्या भिंतींतून पोटॅशियम बाहेर वाहूं लागतें. त्याच्या पाठोपाठ पाणीही जातें आणि पेशी आक्रसते. ज्या दारानें पोटॅशियम बाहेर पडतें, त्यास आजही शास्त्रज्ञ गार्दोश मार्ग म्हणतात. पुढें १९६६ मध्यें स्वित्झर्लंडमधील बर्न येथें हान्स शात्समान यांनीं असें सिद्ध केलें कीं, तांबडी पेशी आंत आलेलें कॅल्शियम शक्ति खर्चून बाहेर टाकते. विहिरींतलें पाणी आपण होऊन थारोळ्यांत येत नाहीं. त्यासाठीं बैल जुंपून मोट ओढावी लागते. तशीच एक मोट रक्तपेशीच्या भिंतींत रात्रंदिवस चालू असते. ही मोट माणसानें प्रथम पाहिली ती मानवी रक्ताच्या तांबड्या पेशींत.

या शोधाचा विस्तार अलीकडेही झाला आहे. २०१० सालीं अमेरिकेंत आर्देम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेंत भिंतींतील असें एक दार सांपडलें कीं जें दाब पडतांच उघडतें. त्यास पिएझो-१ असें नांव आहे, आणि त्या संशोधनाला २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. तांबडी पेशी आपल्या आकाराहून अरुंद केशवाहिनींतून अंग चोरून जाते, तेव्हां या दारानें कॅल्शियमचे थोडे कण आंत येतात. त्यामुळें पेशीचें आकारमान किंचित् कमी होऊं शकतें, आणि मग मोट ते कण पुन्हां बाहेर काढते. सुमारें १२० दिवसांच्या आयुष्यांत हा क्रम किती वेळां होत असेल, याची कल्पनाच करावी.

मात्र रक्तपेशींसारख्या लहान पेशींच्या आंत आलेला निरोप प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याचें साधन १९८० पर्यंत नव्हतें. पेशी फोडून आंतलें कॅल्शियम मोजावें, तर बाहेरच्या पुरांत तें बुडून जाई. केंब्रिज येथील तरुण रसायनशास्त्रज्ञ रॉजर च्येन यांनीं अशी एक द्रव्यें बनविण्याची रीत काढली कीं जीं कॅल्शियमला भेटतांच अधिक प्रकाशूं लागतात. तीं पेशींत शिरावींत म्हणून त्यांनीं त्यांस जणूं पाकिटांत बंद केलें. पेशीच्या आंत गेल्यावर पेशीचींच विकरें तें पाकीट फोडतात, आणि द्रव्य आंतच अडकतें. १९८२ सालीं च्येन, तुल्लिओ पोझ्झान व टिमोथी रिंक यांनीं प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींत, आणि त्याच वर्षीं रिंक, स्मिथ व च्येन यांनीं मानवी रक्तांतील बिंबिकांत, म्हणजे प्लेटलेटमध्यें, कॅल्शियम वाढतांना मोजलें. बाहेरून इशारा मिळतांच कांहीं सेकंदांत पेशी आंतून उजळत होती.

हा इशारा आंत पोंचवितो कोण, याचें उत्तर पुढच्याच वर्षीं मिळालें. बाहेरचें द्रव्य पेशीच्या उंबरठ्यावरच थांबतें. तें भिंतीवरील ग्राहकास स्पर्श करतें, आणि भिंतींतील एका मेदद्रव्याचा तुकडा तुटून आंत पडतो. त्याचें संक्षिप्त नांव आयपी-थ्री. हा तुकडा पेशीच्या आंतल्या कोठीचें कुलूप काढतो आणि तेथें सांठविलेलें कॅल्शियम मोकळें होतें. १९८३ सालीं मायकेल बेरिज, रॉबिन अर्विन व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनीं स्वादुपिंडाच्या पेशींत हें दाखविलें. पुढें बिंबिका व पांढऱ्या पेशी यांतही हाच क्रम आढळला. रिंगरच्या निबंधाला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

आतां घरांतलें उदाहरण घेऊं. विळीवर भाजी चिरतांना बोट कापतें. रक्तवाहिनीच्या भिंतींतील तंतु उघडे पडतात आणि जवळून वाहणाऱ्या बिंबिका त्यांस चिकटतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्यें निरोगी माणसाच्या बिंबिका सुमारें दीड ते साडेचार लक्ष असतात. चिकटतांच त्यांच्या आंत कॅल्शियमची लाट उसळते. त्या लाटेनें बिंबिकेचा चपटा आकार पालटून तिला जणूं हातपाय फुटतात, तिच्या पिशव्यांतील द्रव्यें बाहेर पडून इतर बिंबिकांना हांक देतात, आणि तिच्या भिंतीची आंतली बाजू जागजागीं बाहेर येते. या उलटलेल्या बाजूवर रक्त गोठविणारीं प्रथिनें येऊन बसतात, आणि त्यांस तेथें बसविणारा दुवा म्हणजे रक्तद्रवांतील कॅल्शियम. १८९० सालीं आर्थसनें पाहिलेलें बाहेरचें कॅल्शियम आणि १९८२ सालीं रिंकनें मोजलेलें आंतलें कॅल्शियम यांची गांठ या जागीं पडते, आणि बोटाचें रक्त थांबतें.

हृदयविकाराच्या रुग्णास डॉक्टर ॲस्पिरिनची लहानशी गोळी रोज कां देतात, हेंही यावरून उमजतें. बिंबिका एकमेकींना हांक देण्यासाठीं थ्राँबॉक्सेन नांवाचें द्रव्य सोडतात आणि तें शेजारणीच्या आंत कॅल्शियम वाढवितें. ॲस्पिरिन या द्रव्याची उत्पत्ति बंद करतें. असल्या द्रव्यांची निर्मिति ॲस्पिरिन थांबवितें, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. बिंबिकेस केंद्रक नसल्यानें ती नवें विकर बनवूं शकत नाहीं, आणि तिच्या आठदहा दिवसांच्या उरल्या आयुष्यांत ती हांक मुकी राहते.

या व्यवस्थेवर घाला घालणारा एक शत्रु आपल्या उसाच्या शेतांत व बांधावर वावरतो. तो म्हणजे घोणस. घोणशीच्या विषांतील एक विकर रक्त गोठविणाऱ्या दहाव्या घटकास, कॅल्शियमच्याच साह्यानें, अकारण चेतवितें. जेथें जखम नाहीं तेथें गांठी बनूं लागतात, गोठविणारीं प्रथिनें खर्च होऊन जातात, आणि शेवटीं रक्त गोठेनासें होतें. अशा रुग्णास कॅल्शियम देऊन उपयोग नसतो. कॅल्शियम असतेंच, गांठ बांधणारीं प्रथिनें उरलेलीं नसतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे विषाचा उतारा असलेली लस. ती मुंबईच्या हाफकिन संस्थेंत पिढ्यान्पिढ्या तयार होत आली आहे. लहान गांवांतील डॉक्टरही यासाठीं एक साधी परीक्षा करूं शकतो. कोरड्या, स्वच्छ कांचेच्या नळींत रुग्णाचें थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवावें, आणि मग नळी कलती करून पाहावी. रक्त पातळच असेल तर एक क्षणही दवडूं नये. ज्या कुटुंबाचें शेत आहे, त्यानें सर्पदंश झालेल्या माणसास मांत्रिकाकडे न नेतां थेट रुग्णालयांत न्यावें, याचें कारण या एका नळींत दिसतें.

आतां पांढऱ्या पेशींकडे वळूं. यांतील टी-लिम्फोसाइट नांवाच्या पेशी शरीराच्या संरक्षक सैन्याच्या नायक होत. जंतूची ओळख पटली कीं त्यांच्या आंतही कॅल्शियम वाढतें. परंतु बिंबिकेप्रमाणें क्षणाची लाट येथें पुरत नाहीं. तासन् तास तें वाढलेलें राहावें लागतें, तेव्हां कोठें पेशीच्या केंद्रकांतील कार्यक्रम सुरू होतात. आंतली कोठी तर लहान, लवकर रिती होणारी. म्हणून कोठी रिती झाल्याची वर्दी मिळतांच बाहेरच्या भिंतींतील दार उघडतें आणि बाहेरचें कॅल्शियम आंत येतें. कोठीवरचा पहारेकरी २००५ सालीं ओळखला गेला, त्याचें नांव स्टिम. बाहेरचें दार २००६ सालीं ओळखलें गेलें, त्यास ओराय असें नांव दिलें गेलें. ग्रीक पुराणांत स्वर्गाचें दार राखणाऱ्या देवतांचें हें नांव. आपल्याकडील जयविजयांची येथें आठवण होते.

हें दार सांपडलें तें एका कुटुंबाच्या दुःखांतून. त्या घरांतील दोन बालकांना जन्मतःच रोगप्रतिकाराची शक्ति नव्हती. त्यांच्या रक्तांत पांढऱ्या पेशींची संख्या ठीक होती. मोजणाऱ्यास कांहींच उणें दिसलें नसतें. उणें होतें तें त्यांच्या कामांत. इशारा मिळूनही त्या पेशींत कॅल्शियम शिरत नव्हतें. स्टेफान फेस्के आणि भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ अंजना राव यांनीं अमेरिकेंत आपल्या सहकाऱ्यांसह याचा माग काढला, तेव्हां त्या दाराच्या प्रथिनांतील एकच घटक बदललेला आढळला. एवढ्या एका फरकानें दार बंद राहिलें होतें.

याच मार्गावर मुद्दाम अडथळा घालून वैद्यकानें मोठें कामही साधलें आहे. मूत्रपिंडाचें रोपण केलेल्या रुग्णास सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हीं औषधें देतात. कॅल्शियमचा निरोप केंद्रकाकडे नेणाऱ्या कॅल्सिन्यूरिन नांवाच्या विकरास तीं अडवितात, आणि परक्या अवयवावर चालून जाण्याची आज्ञा सैन्यास मिळत नाहीं.

महाराष्ट्राशीं या शास्त्राचा निकटचा संबंध आहे. १९५२ सालीं मुंबईंत डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांना एक अपूर्व रक्तगट आढळला. त्यास सर्व जगांत बॉम्बे रक्तगट म्हणतात. १९५७ सालीं मुंबईंत रक्तगटांसाठीं एक संदर्भकेंद्र स्थापन झालें आणि त्याचा विस्तार होऊन आज परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था उभी आहे. रक्त न थांबणें, बिंबिकांचे जन्मजात दोष, बालकांतील जन्मजात प्रतिकारहीनता यांचें निदान व संशोधन तेथें चालतें.

नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत ज्या सिकलसेल रोगानें अनेक कुटुंबांस ग्रासलें आहे, त्याच्याही मुळाशीं हिमोग्लोबिनच्या दोषाबरोबर कॅल्शियमचा हात आहे. प्राणवायु कमी होतांच या पेशींच्या भिंतींतून कॅल्शियम आंत शिरतें, गार्दोश मार्ग उघडतो, पाणी निघून जातें, आणि दाट झालेलें हिमोग्लोबिन अधिकच लवकर कांड्यांसारखें जमून पेशीला विळ्याचा आकार देतें. हा मार्ग बंद करणाऱ्या सेनिकॅपॉक या औषधाची मोठी चांचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. पेशी फुटण्याचें प्रमाण त्यानें घटलें, परंतु रुग्णांच्या वेदनांचे झटके कमी झाले नाहींत. म्हणजे शत्रूच्या एका वाटेचा पत्ता लागला, तरी गड अजून हातीं आलेला नाहीं. भारत सरकारनें २०२३ सालीं या रोगाच्या उच्चाटनासाठीं राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तींत रक्ततपासणी व विवाहापूर्वींचा सल्ला यांवर भर आहे, आणि तोंवर तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

या सर्व कथेंतून गृहस्थाश्रमी माणसानें ध्यानांत ठेवावें असें काय निघतें? एक तर हें कीं, रक्ताच्या चांचणींतील आंकडे ठीक असले म्हणजे रक्त ठीकच आहे असें नेहमीं समजूं नये. संख्या आणि कार्य हीं दोन निराळीं आहेत. ज्या घरांत तान्हें मूल पुनःपुन्हां न्युमोनियानें वा अतिसारानें आजारी पडतें, वजन धरीत नाहीं, किंवा ज्या घरांत आधींचें भावंड असल्याच दुखण्यानें गेलें आहे, त्या घरानें दैवाला बोल लावून बसूं नये, तर प्रतिकारशक्तीची तपासणी करवून घ्यावी. अशा बालकास क्षयाची बी. सी. जी. सारखी जिवंत लसही घातक ठरूं शकते, आणि वेळेवर निदान झाल्यास अस्थिमज्जेच्या रोपणानें त्याचा प्राण वांचूं शकतो. दुसरें हें कीं, पिशवींतलें रक्त ही दात्याची देणगी जशी आहे, तशीच ती लिंबाच्या लवणानें चुना बांधून ठेवण्याच्या त्या जुन्या युक्तीचीही देणगी आहे. तिला मुदत आहे, म्हणून रक्तदान एकदां करून भागत नाहीं, तें वरचेवर व्हावें लागतें.

प्रवरेच्या कांठच्या त्या घरांत ज्या आयांनीं आपलीं मुलें उशापायथ्याशींच्या जमिनींत ठेविलीं, त्यांस तीं कशानें गेलीं हें कळणें शक्य नव्हतें, आणि उरलेल्या हाडांवरून आज आपणांसही तें सांगतां येत नाहीं. तसल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां रक्तांत असतें आणि तें मूल जिवंत असतांनाच शोधावें लागतें. आज त्याच नदीच्या कांठीं राहणाऱ्या आईस तें उत्तर मिळण्याची सोय आहे. परंतु परळच्या प्रयोगशाळेंतील ज्ञान नेवाशाच्या दवाखान्यापर्यंत वेळेवर पोंचविणें, हें काम शास्त्रज्ञांइतकेंच तुमचें आमचें आहे.